जिपो की जिपी

"हॅरल्डनं काही सांगितलं ना, की दोनदा विचारायचं. एकदा ऐकून, एकदा त्याच्या तोंडाकडे बघून. हसण्यावारी न्यायचं नाही."

हे मला माझ्या सासूबाईंनी, नेलीनं, लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. आम्ही दोघी बशा विसळत होतो आणि आत हॅरल्ड, म्हणजे माझे सासरे, टेबलावर चमचा आपटत ओरडत होते, "मेलेल्या माणसाचा पाय उरलाय का गं थोडा?" पाय म्हणजे जॅम पसरून गुंडाळलेलं आणि फडक्यात बांधून उकडलेलं पुडिंग. मी अर्थातच हसण्यावारी नेलं. शिक्षिकांच्या कॉलेजातून नुकती बाहेर पडले होते. म्हाताऱ्या शिपायांची बोली मला मोठी मजेची वाटायची. मैत्रिणींना पत्रांतून कळवायचे मी एकेक शब्द.

मजा संपली ती मला सातवा महिना असताना. सासऱ्यांना मी पॉप म्हणते. पॉप वाफाळती थाळी घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "घे पोरी. बाळाची डोकी. दोन घे, तुम्ही दोघं आहात."

पिठाचे पांढरे, गुळगुळीत, ओलसर गोळे. एकाच्या टाळूवर फडक्याची घडी उमटली होती, निळसर शिरेसारखी. पॉपनी सुरी खुपसली तशी आतून गुर्दा आणि गोमांसाचा तपकिरी रस फसफसून बाहेर आला. मी उठले ती थेट मागच्या अंगणात गेले. माझ्यामागून त्यांचा आवाज आला, "लेस्ली, तुझी बायको खात नसेल तर तिचं डोकं मी घेतो."

पॉपनी तीस वर्षं पलटणीत स्वयंपाक केला. आधी हिंदुस्तानात, मग इजिप्तमध्ये. त्यांच्या तोंडी कुठल्याच पदार्थाला स्वतःचं नाव नव्हतं. मनुकांची वडी म्हणजे माश्यांचं कब्रस्तान. दुधातला साबुदाणा म्हणजे बेडकाची अंडी. डब्यातले टोमॅटो आणि त्याखाली चेपलेलं बेकन म्हणजे आगगाडीचा अपघात. उरलेले शब्द त्यांनी हिंदुस्तानातून उचलून आणले होते: पाव म्हणजे रूटी, चहा म्हणजे चार, फुकटात मिळालेलं ते बक्षी, आणि डोकं फिरलेला माणूस डूलाली. "देवळालीच्या छावणीत घरी जायच्या बोटीची वाट बघत बसलं की माणसाची रूटी कच्चीच राहते," असं कपाळावर बोट आपटत सांगायचे.

नेली गेली. कॉलिन झाला. तो सव्वा वर्षाचा असताना लेस्लीची पलटण एडनला गेली आणि मी इथं इंग्लंडात, कॅटरिकच्या छावणीतल्या शाळेत आठवड्याचे तीन दिवस शिकवायला लागले. मूल कुणाकडे ठेवायचं? शेजारच्या डोरीनला स्वतःची चार होती, चौघांचीही नाकं बारा महिने वाहणारी. लेस्लीनं लिहिलं, "बाबा आहेत की. बसनं जेमतेम अर्ध्या तासावर." पॉप रिचमंडला बाजारचौकाच्या खालच्या एका बोळात दोन खोल्यांत एकटेच राहायचे. मी कबूल झाले. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत राहिला: या माणसाच्या हातात माझं मूल सुरक्षित आहे का?

त्यांचा जीव होता कॉलिनवर, हे नाकारत नाही. त्याला ‘जनरलसाहेब’ म्हणायचे, सलाम ठोकून दार उघडायचे. कॉलिनचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘डेक्को’ होता, पॉपच्या बोलीतलं ‘बघ’. खिडकीकडे बोट दाखवून म्हणायचा, डेक्को. मी कौतुकानं हसले आणि घरी येऊन रडले.

मी काय काय पाहिलं ते सांगते. पॉपची कवळी चहाच्या मगात पडलेली असायची, आणि तोच मग खळबळून चहाला वापरला जायचा. मटणाचा तुकडा कडक असला तर पॉप तो आपल्या हिरड्यांनी आधी चावायचे, मऊ करायचे आणि बोटानं कॉलिनच्या तोंडात सारायचे. मी ओरडले तर म्हणाले, "चिमणी काय वेगळं करते?" रुमालाच्या टोकाला थुंकी लावून त्याचं तोंड पुसायचे. घरी मी बाटल्या वीस-वीस मिनिटं उकळायची, मूल वाढवण्याच्या पुस्तकातलं प्रत्येक वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित करायची, आणि इथं हे.

एका सोमवारी पातेल्यात पुडिंग रटरटत होतं. फडक्याचं टोक पाण्याबाहेर तरंगत होतं आणि त्या टोकाला निळा दोरा होता.

"पॉप, हे लंगोट आहे."

"होतं. आता पुडिंगचं फडकं आहे."

"हे कॉलिनचं लंगोट आहे! हा दोरा मी घातलाय, ओळखायला!"

"मग घरचंच की. उकळलं ते उकळलं, पोरी. सुएझला आम्ही सार्जंटच्या मोज्यात केलं होतं. सार्जंटनं दुसऱ्यांदा मागून घेतलं."

"त्यांना माहीत होतं?"

"मोजा शोधत होता बिचारा. पण आधी पोटभर जेवला."

मी कॉलिनला उचललं, तो त्या पुडिंगकडे हात करून किंचाळत राहिला आणि मी बस येईपर्यंत त्याच्या तोंडाचा वास घेत राहिले.

पण सगळ्यांत वाईट होता तो जिपो. चुलीच्या मागच्या बाजूला एक काळं, कानतुटकं पातेलं कायम बसलेलं असायचं. त्यात मटणाच्या चरबीचा रस्सा. हाडं, सालं, बशीतलं उरलंसुरलं, सगळं त्यात जायचं. वरून पाणी पडायचं. पातेलं कधी रिकामं व्हायचं नाही. "जिपो संपू द्यायचा नसतो," पॉप म्हणायचे, "नुसता वाढवत न्यायचा." चूल विझलेली असली की त्यावर मेणासारखा पांढरा थर धरायचा आणि थराखाली काहीतरी सावकाश हलल्यासारखं वाटायचं. पॉप बोटानं थर बाजूला करून पाव बुडवायचे. हनुवटीवरून ओघळ. तो मनगटानं पुसायचा, मनगट चाटायचं. "यातलं कॉलिनला द्यायचं नाही," असं मी बजावून ठेवलं होतं. "हुकूम, बाईसाहेब," असं त्यांनी टाचा जुळवून सांगितलंही होतं.

नोव्हेंबरातला एक बुधवार. शाळा सुटल्यावर मी बोळात आले तेव्हा पॉप कॉलिनला शालीत गुंडाळून दारातच उभे होते. एरवी आत ये, चार घे, असा आग्रह चालायचा. त्या दिवशी नाही. कवळी तोंडात नव्हती, त्यामुळे शब्दांची टोकं हिरड्यांत विरघळत होती.

"साहेबांना जेवणापासून जिपीय. थोडीशीच."

मला ऐकू आलं: जिपो. दिला शेवटी. जेवणापासून भरवताहेत. पण शाळेत दिवस वाईट गेला होता, बस चौकात उभी होती, आणि खरं सांगायचं तर भांडायला त्या वासात आत जावं लागलं असतं.

"थोडंच ना?" मी विचारलं.

"थोडंच. पहिल्यांदाच आहे, उतरेल. मोठ्या मोठ्यांना होतं."

"बरं. काही बिघडत नाही," मी दात ओठ खात म्हटलं.

पॉपनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "शाब्बास! दुसरी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. शिपायाला अशीच बायको पाहिजे."

बसमध्ये कॉलिन झोपून गेला. अंगाला स्वच्छ साबणाचा वास होता, लंगोट कोरडं ठाक, पावडर लावलेली. मला जरा बरंच वाटलं. घरी दूध घेतलं नाही, तोंड फिरवलं. डोरीन कुंपणावरून म्हणाली, "आज किती शांत आहे गं तुझा! माझी चार याच्याकडे पाठवू का शिकवणीला?"

सकाळीही तो तसाच मलूल. पोटाला हात लावला की कुरकुर करायचा. मी पुस्तक उघडलं. चरबीचं जड अन्न पोटात बसलं असेल तर ते मोकळं करावं, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं. आमच्या ओळीतली प्रत्येक आई दर शुक्रवारी मुलांना अंजिराचं सारक देते. मी एक चमचा दिला. तो महिन्याभराचा शिळा रस्सा, त्यांच्या बोटानं हलवलेला, माझ्या मुलाच्या आतड्यांत बसलाय, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. म्हणून आणखी अर्धा दिला. आणि पोटाला आराम हवा म्हणून दूध बंद ठेवलं.

मग जे सुरू झालं ते मी लिहीत नाही. हिरवं होतं, पाण्यासारखं होतं, आणि त्याला त्या पातेल्याचा वास होता. लंगोट बदलायला उचलावं तर हात भरत होते, चादर भरली, माझा स्कर्ट भरला. मी त्याला साफ करता करता न्हाणीत ओकले आणि पुन्हा त्याला साफ करायला लागले. दुपारपर्यंत तो रडायचाही थांबला. रडण्यासारखं तोंड करायचा, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. टाळूवरचा मऊ भाग आत गेला होता, बशीसारखा. मी त्याला पांघरुणात घेतलं आणि छावणीच्या दवाखान्याकडे धावत सुटले.

डॉक्टर मेजर ॲबलेट म्हणजे टक्कल पडलेला, झोपाळू डोळ्यांचा माणूस. कॉलिनच्या पोटाची कातडी त्यांनी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. झोपाळूपणा तत्क्षणी गेला. नर्सला काहीतरी भराभर सांगितलं आणि कॉलिनला ती आत घेऊन गेली.

"किती वेळ जुलाब होताहेत?"

"आज सकाळपासून. सारक दिल्यावर."

"सारक? कशासाठी?"

"काल जिपो खाल्ला होता त्यानं. आजोबांकडे. त्यांनीच सांगितलं, जेवणापासून जिपो म्हणून."

मेजर लिहिता लिहिता थांबले. "जेवणापासून? रस्सा जेवणापासून कसा असेल, मिसेस स्पिंक? रस्सा जेवणात असतो."

मी स्कर्टावरचा डाग चोळत राहिले.

"म्हातारा इजिप्तला होता?"

"हो."

"मग तो जिपी म्हणाला असेल."

"तेच ना ते?"

"नाही हो. एक पातेल्यात असतं, दुसरं चड्डीत. आम्हा सगळ्यांना होती तिथं जिपी, म्हणजे इजिप्तचे जुलाब. अर्धी पलटण तिनं आडवी केली होती." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे काल दुपारपासून. आणि वर सारक. दूध, पाणी?"

"बंद ठेवलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

कॉलिनच्या घोट्याशी सुई लावली. बाटलीतलं पाणी थेंब थेंब त्याच्यात जात होतं आणि मी त्या थेंबांकडे बघत बसले. पहिली लघवी झाली तेव्हा नर्सनं ओलं लंगोट मला दाखवायला आणलं आणि आम्ही दोघी त्या लंगोटाकडे बघून हसलो.

डोरीनला मी पॉपकडे पाठवलं होतं. मनात होतं, येऊ दे त्यांना इथं, बघू दे. ती परत आली ती रुग्णवाहिकेतून, त्यांना घेऊन. अंगणातल्या संडासाच्या दाराशी ते आडवे पडलेले सापडले होते, विजारीचे पट्टे सुटलेले, कपडे पार खराब. तेच पातेलं, तीच जिपी, पण त्यांना आदल्या रात्रीपासून. "अगं, मला बघून उठायला लागला म्हातारा," डोरीन नाकाला रुमाल लावून सांगत होती. "म्हणतो, मॅडम, जरा तोंड फिरवा, मी गणवेशात नाही."

दोन दिवसांनी पॉप उशीला टेकून बसण्याइतके झाले तेव्हा मी पुरुषांच्या वॉर्डात गेले. गालफडं बसलेली, कवळी ग्लासात.

"जनरलसाहेब?"

"वाचला."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "मी सांगितलं होतं तुला दारातच."

"जुलाब होताहेत असं सांगायचं होतं! सरळ!"

पॉपनी दचकून शेजारच्या खाटेकडे पाहिलं. कान लाल झाले होते. "हळू बोल. बाईमाणसाच्या तोंडी शोभत नाही तो शब्द."

"आणि बाळाची डोकी शोभतात?"

"ते जेवण आहे."

"जिपो दिलात ना त्याला?"

बराच वेळ ते पांघरुणावरची सुरकुती सपाट करत राहिले. "रूटीचं एक टोक बुडवून दिलं. डेक्को, डेक्को करत होता पातेल्याकडे बघून. मग सुरू झालं तशी मी सगळी लंगोटं धुतली. उकळली, चुलीवर वाळवली, इस्त्री केली. एक डाग दिसला तुला? खरं सांग. एक तरी डाग दिसला?"

नव्हता दिसला. दिसला असता तर मी सारक दिलं नसतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. मला त्यांच्या हिरड्यांकडे बघवत नव्हतं.

त्यांचा वस्तरा आणि स्वच्छ शर्ट आणायला मी त्या दोन खोल्यांत गेले. चूल थंड होती. पातेल्यावरचा थर तडकला होता आणि भेगेतून करडं पाणी वर आलं होतं, त्यावर बुडबुडे. मी नाकाला स्कार्फ बांधला आणि सगळं अंगणातल्या गटारात ओतलं. धपकन पडलं. हाडं, कोबीचं देठ, शर्टाचं बटण, केसांसारखे मांसाचे धागे, आणि तळाला एक काळा, चिकट थर, जो पळीनं खरवडावा लागला. मी खरवडत होते आणि ओकत होते.

मग पाव ठेवायची पेटी उघडली. पावाचं एक टोक होतं, बुरशी आलेलं. फळीवर कॉलिनची बिस्किटं, कॉलिनसाठी दुधाची पावडर, वाडग्याखाली झाकून ठेवलेला मऊ मांसाचा एक काप, बारीक तुकडे करून, अर्थात कॉलिनसाठी. दुसरं काही नाही. कपाटं पाहिली, खाटेखाली पाहिलं. घरात मोठ्या माणसानं खावं असं काही नव्हतं. नेली गेल्यापासून तो माणूस त्या पातेल्यावर जगत होता.

मला दया यायला हवी होती. मला आणखी एक उमासा आला आणि मी पातेलंसुद्धा कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

घरी आल्यावर पॉप चुलीपुढं उभे राहिले. मी खायला आणलेल्या वस्तू टेबलावर मांडत होते.

"पातेलं?"

"टाकलं."

"आतलं?"

"तेही."

"त्यात नाताळचं बदक होतं."

"गेल्या नाताळचं?"

"चव धरून होतं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. हसले नाहीत. मीही नाही. मग म्हणाले, "साहेब कधी येणार?"

"येणार नाहीत, पॉप. यापुढं डोरीनकडे राहतील. तुम्हाला भेटायला मी आणीन, पण मी असतानाच."

वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं. ते उठून उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "हुकूम, बाईसाहेब." कॉलिनचं बिस्किटांचं पाकीट त्यांनी फळीवरून काढून माझ्या पिशवीत घातलं.

आता आम्ही जर्मनीत आहोत. लेस्लीची बदली इकडे झाली आणि आम्हाला घर मिळालं. कॉलिन तीन वर्षांचा झाला, हात धुतल्याशिवाय जेवत नाही. मी पॉपना घेऊन येऊ या, असं म्हटलं नाही. लेस्लीनंही नाही. मला अजूनही त्या वासाचं स्वप्न पडतं. ते आमच्या स्वयंपाकघरात उभे राहिले तर मी प्रत्येक चमचा दोनदा उकळीन हे मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही ठाऊक आहे.

पॉप दर महिन्याला एक कार्ड पाठवतात. हवा कशी आहे, शेजारचं मांजर व्यालं, साहेबांना सलाम. मागच्या कार्डात एक नवीन ओळ होती: ‘सध्या हनुवटीच्या पट्ट्यावर चाललोय.’

मी लेस्लीला विचारलं.

"काही नाही गं," तो बुटांना पॉलिश करत हसला. "लांब कूच झाली की पायांत त्राण राहत नाही. मग शिरस्त्राणाचा हनुवटीखालचा पट्टाच काय तो माणसाला उभं धरतो. थकलोय, एवढंच."

"घरात बसलेला माणूस कुठं कूच करून आला?"

"म्हणायची पद्धत आहे, बेरिल."

पद्धत आहे. पण त्यांनी हा शब्द आधी कधी वापरलेला नाही. मी त्यांचे सगळे शब्द ऐकलेत. मी दोन पत्रं पाठवली, सरळ विचारलं की जेवता काय, वजन किती, डॉक्टरकडे गेला होतात का. उत्तर आलं नाही. या महिन्याचं कार्डही आलेलं नाही. डोरीनचा नवरा पलटण सोडून दक्षिणेला गेला, आता त्या गावात आमचं ओळखीचं कुणी नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांना विचारते. तुमच्यापैकी कुणी रिचमंडला असाल, किंवा बाजाराच्या दिवशी जाणार असाल, तर चौकाच्या खाली चांभाराच्या दुकानाशेजारून बोळ उतरतो, त्यात डावीकडचं शेवटचं दार. हॅरल्ड स्पिंक. कसे आहात, असं विचारू नका. ते काहीतरी भलतंच नाव सांगतील आणि तुम्ही हसाल. चार देतील. घ्यायला जिवावर आलं तर घेऊ नका, मीही घेतला नसता. फक्त जरा वेळ समोर बसा. ते शर्टाचं वरचं बटण कायम लावून असतात. त्या कॉलरच्या आत दोन बोटं जातील की अख्खी मूठ, एवढं बघून या आणि मला कळवा.